वाढत्या अंगाचा कॉम्प्युटर

मास्तर शाळेचे गणवेश शिवायचे, आणि गणवेशाच्या बाबतीत त्यांचं एक तत्त्व होतं: पोराला जो कपडा आज बरोबर बसतो, तो बिघडलेला. आईबाप समोर, पोरगं स्टुलावर, टेप पोराच्या कमरेभोवती. आकडा यायचा तो बारीक, पण खडूने कापडावर उतरेपर्यंत चांगला गुटगुटीत व्हायचा. "वाढतं अंग आहे," मास्तर सांगायचे, "पुढच्या वर्षी माझी आठवण काढाल." आठवण सगळे आत्तापासूनच काढायचे. त्या भागातली निम्मी शाळा एका हाताने दप्तर आणि दुसऱ्या हाताने चड्डी सावरत पळायची.

दुकान पुढे, घर मागे आणि मध्ये एक पडदा. पडद्याच्या अलीकडे मास्तरांचं मशीन. पलीकडे बायको काजं करायची, बटणं लावायची आणि संध्याकाळी काम आवरलं की लढाईवर जायची. लढाई अर्थात कॉम्प्युटरवरची. दूरच्या शहरात राहणारी तिची धाकटी बहीण, बहिणीच्या दोन मैत्रिणी आणि ही, अशी चौघींची टोळी होती. कानाला हेडफोन लावून चौघी एकमेकींशी बोलत बोलत शत्रूवर चालून जायच्या. जन्मभर काजं करून हिचा हात असा बसला होता की नेम म्हणून चुकायचा नाही. मैत्रिणींना बरेच दिवस वाटत होतं, की ही ताई पोलिसात वगैरे असणार.

अडचण कॉम्प्युटरची होती. तो मुलीच्या कॉलेजसाठी घेतलेला. मुलगी शिकली, नोकरीला लागली, दुसऱ्या गावी गेली, हा मात्र निवृत्ती न घेता तिथेच. शत्रू समोर आला की तो विचारात पडायचा, आणि त्याचा विचार संपेपर्यंत ही मेलेली असायची. एका संध्याकाळी त्यातून इस्त्रीखाली कापड राहिल्यासारखा वास आला आणि कॉम्प्युटरही गेला.

"बरं झालं," बायको म्हणाली, "डोळ्यांना विश्रांती." आणि ती संध्याकाळीही काजं करायला लागली. पडद्यापलीकडचा आरडाओरडा बंद झाला. मास्तरांना वाटलं होतं, आता जरा शांतता मिळेल. मिळाली, पण ती अंगावर यायला लागली. मग त्यांनी मनाशी ठरवलं की नवा कॉम्प्युटर आणायचा, चांगला गेमसाठी जुळवून घेतलेला, आणि तोही आपण स्वतः निवडून.

आता यात धाडस काय होतं, ते सांगायला हवं. लग्न झाल्यापासून मास्तरांनी बायकोसाठी आणलेली एकही वस्तू घरात टिकली नव्हती. ती पिशवीतून वस्तूच्या आधी पावती बाहेर काढायची. रागाने नव्हे, अगदी प्रेमाने. "छानच आहे हो," म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी ते छान बदलून यायचं. घड्याळ बदललं, चपला बदलल्या, पर्स बदलली. एकदा तर छत्री परत देऊन ती किसणी, गाळणं आणि वर सुटे पैसे घेऊन आली होती. दुकानदार ओळखीचे झाले होते. मास्तर काही घ्यायला गेले की ते विचारायचे, "वहिनी उद्या येतील ना?" दुसऱ्यांच्या घरच्यांची मापं घेण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला स्वतःच्या बायकोचं माप सापडू नये, हे मास्तरांना आत कुठेतरी टोचत होतं, कापडात विसरलेल्या टाचणीसारखं. या वेळची वस्तू परत जाता कामा नये, बस्स.

चौकापलीकडे कॉम्प्युटर जुळवून देणारं एक दुकान होतं. ते एक बाई चालवायची. कपाळावर बॅटरी बांधून ती एका उघड्या पेटीत डोकं घालून बसलेली असे.

"काय करणार कॉम्प्युटरवर?" तिने पेटीतूनच विचारलं.

"आमची ही गेम खेळते."

"कोणता?"

"नाव नाही सांगता येणार. त्यात पळतात आणि मरतात."

"सगळ्यांतच," बाई म्हणाली आणि डोकं बाहेर काढलं. "बजेट?"

मास्तरांनी आवाज खाली आणून आकडा सांगितला. गणवेशांच्या हंगामातली ती सगळी शिल्लक होती. बाईने आकडा ऐकून नाक मुरडलं नाही, इथेच ती मास्तरांना आवडली.

"होईल की. यातलं निम्मं ग्राफिक्स कार्डाला. पडद्यावर जे चित्र हलतं, ते हे कार्ड काढतं. बाकीचं उरल्यात बसवू."

"निम्मं? बाई, सदऱ्याच्या कॉलरलाच निम्मं कापड घातलं तर माणूस खाली उघडा राहील."

"ही कॉलर नाही, मास्तर. हाच सदरा."

मास्तरांना ते पटलं नाही. त्यांनी सगळं नीट क्रमाने घ्यायचं ठरवलं, म्हणजे बाहेरून आत. आधी कॅबिनेट, ज्यात सगळे भाग बसतात ती पेटी. बाईने एक आटोपशीर काळी पेटी पुढे केली. मास्तरांच्या गळ्यातली टेप घरी ठेवायची राहिलीच होती. त्यांनी पेटीची छाती मोजली, उंची मोजली, आत हात घालून पाहिला.

"यात माया कुठेय?"

"काय कुठेय?"

"माया. शिवणीच्या आत थोडं जादा कापड सोडतात. अंग वाढलं की उसवून सोडता येतं."

"अहो, यात सगळं व्यवस्थित बसतं."

"आज बसतं," मास्तर म्हणाले. या वाक्यावर ते आजवर कुठल्याही आईबापाशी हरले नव्हते.

शेवटी दुकानातली सगळ्यात थोराड पेटी खाली उतरवली गेली. तिच्यात मधल्या वयाचं मूल बसून अभ्यास करू शकलं असतं. मग पॉवर सप्लाय, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा डबा. बाई म्हणाली, छोटा पुरेल. मास्तर म्हणाले, "आणि पुढे वाढला तर?"

"कोण?"

"कॉम्प्युटर."

मोठा घेतला. मदरबोर्ड, ज्याच्यावर बाकीचे भाग खोचतात, तोही ऐसपैस आणि चार खाचांचा. रॅमची पट्टी घेतली एकच.

"तीन खाचा रिकाम्या राहतील," बाई म्हणाली.

"राहू देत. भिंतीला खुंट्या जास्त असलेल्या बऱ्या."

असं करत करत कार्डाची पाळी आली, तेव्हा हातात जे उरलं होतं त्यात बिस्किटाच्या पुड्याएवढं एक कार्ड आलं. बाईने ते काउंटरवर ठेवलं आणि त्याच्याकडे दयेने पाहिलं.

"यात शत्रू दिसेल," ती म्हणाली, "पण ओळख पटेलच असं नाही."

"चालेल. पुढच्या वर्षी मोठं बसवू. जागा करून ठेवलीय ना आपण."

"एकदा वहिनींना विचारा तरी."

"विचारून आणली तर ती भेट कसली?" मास्तर पैसे मोजता मोजता थांबले. "आणि ती बदलायला आली, तर दुकान बंद आहे म्हणून सांगा."

कॉम्प्युटर घरी आला तो दोन माणसांच्या हातातून. टेबलाखाली मावेना, टेबलावर शोभेना. शेवटी टेबलाच्या शेजारी उभा केला, लग्नघरी लांबच्या नात्यातल्या माणसाला उभं करतात तसा. बायको पदराला हात पुसत बाहेर आली आणि बघतच राहिली.

"कपाट आणलंत?"

"कॉम्प्युटर आहे. गेमचा. मी निवडला, सगळा."

मग त्यांनी तिला एकेक भाग समजावून सांगितला. प्रोसेसर, रॅम, पॉवर सप्लाय. पाठ केल्यासारखं, पण चुका न करता. पेटीची बाजू उघडून आतली मोकळी जागा दाखवली आणि म्हणाले, "वाढत्या अंगाचा घेतलाय." बायको वाकून बघत होती. त्या प्रचंड पेटीच्या मधोमध ते कार्ड रिकाम्या सभागृहात वेळेआधी आलेल्या माणसासारखं बसलेलं होतं.

"कार्ड हे घेतलंत?"

"हे सध्याचं."

"हं," ती म्हणाली.

मास्तरांना हे 'हं' ओळखीचं होतं. चपलांच्या आधी हेच आलं होतं. तिचा हात सवयीने मास्तरांच्या पिशवीत गेला आणि पावती घेऊन बाहेर आला. मास्तर पडद्याची शिवण तपासायला लागले. पडद्याला बघण्यासारखं काही नव्हतं, तरी ते बघत राहिले.

तिने पावती वाचली. मग नवऱ्याकडे पाहिलं. गळ्यात टेप, कपाळावर घाम, आणि रॅमचा उच्चार करून करून दमलेला चेहरा.

"राहू दे," ती म्हणाली. "हा नाही बदलायचा."

मास्तर दुकानात गेले आणि त्या आनंदात त्यांनी एका सदऱ्याला तीन बाह्या कापल्या.

संध्याकाळपासून पडद्यापलीकडे पुन्हा आवाज सुरू झाले. मास्तर हातशिलाई घेऊन तिच्या मागे स्टुलावर बसू लागले. आपण निवडलेली वस्तू घरात वापरली जाते आहे, हे दृश्य त्यांना नवं होतं. दोन-चार दिवस ते नुसतं त्या दृश्यावर खूष होते. मग हळूहळू कॉम्प्युटरच्या पडद्यावर काय चाललंय तेही दिसायला लागलं.

"थांबा गं, मी आले," बायको हेडफोनमध्ये सांगत होती. "झाडं बंद करते. सावल्या बंद केल्या. पाणी पण बंद करते, मग जरा पळेल."

पडद्यावर कच्चे टाके घातल्यासारखी काही माणसं होती. त्यांना चेहरे नव्हते. ती चालत नव्हती, उचलून पुढे ठेवल्यासारखी सरकत होती. बायकोचा नेम अजून तसाच अचूक होता, पण ती ज्याच्यावर नेम धरायची तो माणूस तिथून केव्हाच निघून गेलेला असायचा. हेडफोनमधून मेहुणीचा आवाज बाहेरपर्यंत आला, "ताई, तू पोचतेस तोवर आम्ही जिंकून चहा प्यायलेलो असतो गं."

"अगं, नवा आहे. सवय व्हायचीय हाताला," बायको म्हणाली. मागे वळून तिने मास्तरांना सांगितलं, "मस्त चालतोय हो." आणि वळली तेवढ्यात मेली.

"मी शेगडीकडे बघते," ती उठली. रोज ती अशी लवकर मरायची आणि लवकर स्वयंपाकाला लागायची. जेवण कसं अगदी वेळेवर व्हायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर दाराशी उभे होते. समोरच्या मैदानात पोरं पळत होती. एक बारकं पोरगं सगळ्यांच्या मागे, एका हाताने चड्डी धरून, पण दात काढत पळत होतं. आईने कठड्यावरून विचारलं, "नीट पळता येतंय ना रे?" आणि पोरगं म्हणालं, "मस्त येतंय." तेवढ्यात त्याची चड्डी घसरली. चड्डी मास्तरांचीच होती, लांबून शिलाई ओळखली त्यांनी.

मास्तर बराच वेळ तिथेच उभे राहिले. मग आत गेले. बायको बाजारात गेली होती. त्यांनी माळ्यावरची सगळी खोकी खाली काढली, कॉम्प्युटर हातगाडीवर चढवला आणि चौक ओलांडला.

जुळणीवाल्या बाईने कपाळावरची बॅटरी विझवली. "वहिनींनी परत पाठवला ना?"

"नाही. तिला आवडलाय. मीच आणला."

"मास्तर, वापरलेला माल मी घेत नाही. तुम्ही घेता का, कापलेलं कापड?"

"कापलेलं नाही घेत," मास्तर म्हणाले. "पण बसलं नाही तर उसवून देतो."

बाईने पेटी उघडली. "पॉवर सप्लायला ओरखडासुद्धा नाही. मदरबोर्डही. हे घेईन. थोडी तूट सोसावी लागेल तुम्हाला."

"सोसतो."

"मग सांगा, कसं हवं?"

मास्तरांनी तोंड उघडलं. एवढं वाक्य त्यांनी आपल्या दुकानात कधी उच्चारलं नव्हतं, म्हणून जरा जड गेलं. "अंगाबरोबर," ते म्हणाले. "आधी कार्ड काढा. मग त्याच्या मापाने बाकीचं."

"माया?"

"नको."

बायको पिशव्या घेऊन परतली तेव्हा टेबलाखाली एक आटोपशीर काळी पेटी बसली होती आणि मास्तर मशीनवर मान खाली घालून बसले होते.

"अहो, कॉम्प्युटर कुठंय?"

"तोच आहे. अल्टर करून आणला."

तिने वाकून पेटीच्या काचेतून आत पाहिलं. कार्ड या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलं होतं. बाकीची मंडळी अंग चोरून बसली होती.

"मी कुठं बदला म्हटलं होतं?" तिचा आवाज थोडा चढला. "लोक म्हणतील, हिने पुन्हा परत केला. त्या दुकानवालीला काय वाटलं असेल?"

"तिला सांगितलंय, मी बदलला म्हणून."

"पण का? चालत होता की."

"चालत होता," मास्तर म्हणाले. "पळत नव्हता."

पिशव्या तिथेच ठेवून तिने हेडफोन चढवला. संध्याकाळ झाली, मास्तर हातशिलाई घेऊन स्टुलावर येऊन बसले. पडद्यावर आता चेहरे होते, चेहऱ्यांना मिशा होत्या, आणि हिच्या नेमातून त्यांपैकी एकाचीही मिशी सुटत नव्हती. हेडफोनमधून मेहुणी काहीतरी किंचाळली. "आमच्या ह्यांनी आणलाय," बायको पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "हो, स्वतः. मापाचा."

मास्तरांनी सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला. सुई दिसत होती, दोरा दिसत होता, पण जमेना. मग नुसतेच बसून राहिले. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. ती काही मरेना. बाहेर दिवे लागले, पोटात कावळे ओरडायला लागले.

"अगं, अजून किती वेळ?" त्यांनी हळूच विचारलं.

"जिवंत आहे हो मी अजून," ती म्हणाली. "आता कशी उठू?"

मास्तर उठले, गळ्यातली टेप काढून खुंटीला अडकवली आणि कुकर कुठे ठेवलेला असतो ते शोधायला लागले.