फ्रॉकच्या आतले गुडघे

डोळखांबजवळच्या एका पाड्यावर मी अंगणवाडी सेविका आहे. माहेर मुरबाडकडचं, धसईचं. सासरची माणसं मला फटकळ म्हणतात आणि ते खरंच आहे.

दिवाळीनंतर एका संस्थेचे साहेब पाड्यावर आले. मुलांची उंची मोजायला आता लाकडी फळी नको, फोन पुरे, असं त्यांचं म्हणणं. फोनच्या पाठीवर नेहमीच्या कॅमेऱ्याशेजारी मसुराच्या दाण्याएवढा आणखी एक काळा डोळा होता. तो न दिसणारा उजेड फेकतो, तो आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर ओळखतो, आणि समोरच्या मुलाची उंची सांगतो. उन्हात मात्र गोंधळतो. म्हणून साहेबांनी पोरांना अंगणातून आत, भिंतीपाशी नेलं.

त्यात एक तीन वर्षांची मुलगी होती. हातापायांच्या नुसत्या काड्या. आईबाप भूमिहीन, वीटभट्टीवर जायच्या तयारीत. फोटो काढणार असं ऐकून आईनं तिला थोरल्या बहिणीचा फ्रॉक घातला होता, पार घोट्यापर्यंत येणारा. अनोळखी माणसानं फोन रोखताच पोर भिंतीला चिकटली आणि फ्रॉकच्या आत गुडघ्यांत वाकली. फोननं तीच उंची धरली. तेवढ्या उंचीला तिचं वजन पुरेसं ठरलं आणि अतिकुपोषितांच्या यादीतून तिचं नाव गेलं.

"साहेब, गुडघे वाकवलेत तिनं," मी म्हणाले.

"बाई, हा साधा कॅमेरा नाही. याला खोली कळते."

"कापडाच्या आतलं कळतं का?"

साहेब हसले. संस्थेच्या एक बाई सोबत होत्या, त्यांना इंग्रजीत काहीतरी म्हणाले, त्याही हसल्या. माझं डोकं फिरलं.

मी फळी आणली. फ्रॉक वर धरला, टाचा टेकवल्या, गुडघे हातानं दाबून सरळ केले. चार सेंटीमीटर जास्त भरली.

"तुमची फळी जुनी आहे," साहेब म्हणाले. वर तो फोन माझ्या हातात देऊन दुसऱ्या फोननं अहवालासाठी माझाच फोटो काढायला निघाले. मी फोन जमिनीवर ठेवला आणि यादीवर सही करणार नाही म्हणून सांगितलं.

"कशाला वाकड्यात शिरता?" आमच्या पर्यवेक्षिका दटावत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी मायलेकींना एसटीनं शहापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी फळीवर मोजलं, माझाच आकडा आला. मुलीला दोन आठवडे दाखल करून घेतलं, आईलाही तिच्याजवळ राहावं लागलं. तेवढ्यात भट्टीची गाडी निघून गेली. मुकादमाला जोडपंच हवं होतं, त्यानं एकट्या बापाला घेतलं नाही.

आई माझ्यावर खवळली. "तुज्यामुलं झालं, गो! त्या फोननं पोर बरी हाय म्हटलं व्हतं. आता आमी खावं काय?"

माझ्या नवऱ्यानं ओळखीनं बापाला शहापूरच्या बाजारात हमाली मिळवून दिली, तरी ती निवळली नाही.

साहेब पुन्हा फिरकले नाहीत. एक छापील सूचना तेवढी आली: मोजताना मुलांचे कपडे गुडघ्यांच्या वर घ्यावेत. आपलं चुकलं, असं त्यात कुठेही नव्हतं. मी ती वाचली आणि फाडली.

मुलगी अंगानं भरली, आता अंगणवाडीत पळते. आई तिला दारापर्यंत सोडते आणि माझ्याकडे न बघता परत जाते.