थांबा म्हणणारी डॉक्टरबाई

आमच्या दवाखान्यात केसपेपर फाटून जातात, किस्से मात्र साठतच राहतात. ऐकणारे हसतात. मला तेव्हाची धडधड आठवते!

मी कुंभारवाड्याकडच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर. शहरातून कुणी 'हे ऑपरेशन करा, ती तपासणी करा' असा कागद घेऊन आलं, की मी मोबाईलवर गाइडलाइन्स उघडते. याची खरंच गरज आहे का? आमच्या सिस्टर गंगाक्का म्हणतात, "बाईंनी पोथी उघडली!"

*

म्हादूमामांची कंबर धरली होती. त्यांना एमआरआय हवा होता. मी वाचत वाचत विचारलं, "पायात ताकद आहे? लघवी नीट होते?"

"बाई, दुखतीया कंबर, आन् तुमी लघवीचं काय इचारताय?"

धोक्याचं एकही लक्षण नव्हतं. गोळ्या दिल्या, थांबा म्हटलं. पुढचे पंधरा दिवस बस आली की माझा जीव वर-खाली! एकदा मामा टुणकन उतरले. तोंड मात्र पडलेलं.

"कंबर बरी हाय. पर मशीन बघायचं ऱ्हायलंच की!"

*

एका मुलीचे टॉन्सिल काढायला सांगितले होते. गाइडलाइन्सप्रमाणे वर्षात घसा किती वेळा सुजला, ते मोजायचं होतं. आईला आठवेना. आजीने बोटांवर मोजलं, "गणपतीत एकदा, शिमग्याला एकदा. बास."

"मग काढायला का निघालात?"

"शेजारणीच्या लेकीचं काढल्यात न्हवं!"

*

अणशीची लक्ष्मी, बत्तीस वर्षांची. पाळीत रक्त फार जायचं. 'पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल,' असं तिला शहरात कुणी सांगितलेलं. नवऱ्याने तारीखही घेतलेली. सोनोग्राफीत काही वावगं नव्हतं. गाइडलाइन्स म्हणत होत्या, आधी औषधं देऊन बघा.

नवरा म्हणाला, "उद्या काय झालं तर तुमी जिम्मेदार काय?"

मी "हो," म्हटलं.

तीन महिने मला अन्न गोड लागलं नाही. मग लक्ष्मी आली. "रगत आटोक्यात हाय, बाई." मागून नवरा पुढे झाला.

"आता माझा बीपी बघा. ह्या तीन म्हैन्यात वाढला आसंल!"

*

पण माझ्या 'थांबा'चा बोभाटा झाला. एक म्हातारबा हर्निया घेऊन आले. गाठ दगडासारखी, सकाळपासून उलट्या; आतडं अडकलेलं. मी लगेच ॲम्ब्युलन्स मागवली, तर ते उठून बसले.

"म्या न्हाई जायाचो! तुमी सगळ्यांस्नी थांबा म्हणता, म्हणून तर हितं आलो!"

गंगाक्का आणि मी त्यांना धरून गाडीत घातलं. आतडं थोडक्यात वाचलं. तेव्हापासून 'थांबा' म्हणताना जीभ अडखळते.

*

आणि हा किस्सा माझ्या वडिलांचा. आप्पा आता बरे आहेत, म्हणून सांगते.

चढ चढताना त्यांची छाती भरून यायची. बेळगावला दवाखान्यात ठेवलं. तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं, "घाई नाही. गोळ्यांवरही राहता येईल, नाहीतर स्टेंट घालू." दुसऱ्या कुणाचा कागद असता तर मी तासभर वाचत बसले असते. त्या दिवशी मोबाईल उघडलाच नाही. "घालून टाका," मी म्हणाले.

डॉक्टर गेल्यावर आप्पांनी विचारलं, "लोकांस्नी थांबा म्हणतीस. मला का न्हाई म्हणलीस?"

तेवढ्यात संमतीचा फॉर्म आला. पेन धरलं आणि डॉक्टरांच्या रकान्यात सही करायला निघाले. आप्पांनी फॉर्म ओढून घेतला, स्वतः सही केली आणि सरकून खाटेवर जागा केली.

"बस हितं जरा. भ्यालीस तू."