हाकेच्या अंतरावरचं आरमार

बाबांनी आम्हा भावंडांना शिकायला दोन वेगळ्या शहरांत ठेवलं. मी लातूरला, माझ्याहून वर्षाने धाकटी बहीण नांदेडला. कुणी विचारलं की बाबा सांगत, "लातूरचं गणित चांगलं, नांदेडचं बायोलॉजी चांगलं." लोकांना ते पटायचं. त्या काळात आमच्याकडे कोचिंग क्लासबद्दल काहीही सांगितलं तरी लोकांना पटायचं. खरं कारण घरातल्या चौघांनाच ठाऊक होतं. दोन्ही लेकरं एका स्लॅबखाली निजू नयेत, एवढंच.

आमचं गाव औशाच्या बाजूला. भूकंप झाला त्या रात्री बाबा औशाला मुक्कामी होते. आमचं घर अर्धं पडलं, आई आम्हा दोघांना ओढत बाहेर निघाली. शेजारच्या गावात काका राहायचे. तिथे घरातले सगळे मातीच्या जड छपराखाली, एकाच माळवदाखाली निजले होते, त्यातलं कुणीच बाहेर आलं नाही. बाबा तिथे पोचले तेव्हा उजाडलं होतं. मी फार लहान होतो. मला फक्त धूळ आठवते, आणि आईने धरलेला माझा दंड.

त्यानंतर बाबांनी एकच कायदा केला आणि तो आयुष्यभर पाळला. सगळी माणसं एका छपराखाली निजणार नाहीत. नवं सिमेंटचं घर झालं, तरी त्यात आई आणि बहीण, आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाबा आणि मी. पुढेपुढे कायदा वाढत गेला, चौघांनी जेवायचं तेही अंगणातच. लग्नाला जायचं तर दोन वेगळ्या जिपा. एसटीने जायचं तर बाबा आणि मी आधीच्या गाडीने, आई आणि बहीण मागच्या. नवराबायकोचं पटत नाही असं अर्ध्या गावाला वाटायचं. आई हसून सांगायची, "आमचं ठीक हाय. मधी भूकंप हाय."

मला या प्रकाराचा राग यायचा. पण माणूस कशावर रागावतो आणि काय उचलतो, याचा एकमेकांशी काही संबंध नसतो, हे मला लातूरच्या एका इंटरनेट कॅफेत कळलं.

क्लाससमोरच तो कॅफे होता. रविवारची टेस्ट सुटली की अर्धा वर्ग तिथे घुसायचा. इंटरनेटवर एक अंतराळातला खेळ होता. सुरुवातीला एक ग्रह मिळायचा, त्यावर खाणी खोदायच्या, कारखाने टाकायचे, मग यानं बांधून आरमार उभं करायचं. मी बहिणीलाही त्यात ओढलं. तीही रविवारी नांदेडच्या कॅफेत बसायची. तिच्या वसतिगृहातल्या फोनवर रांग असे आणि रांगेतल्या मुली कान देऊन ऐकत. खेळातल्या निरोपाच्या खिडकीत मात्र मनासारखं बोलता यायचं. आमच्यासाठी खेळ म्हणजे मुख्यतः तेवढंच होतं.

आरमार लावण्यात मात्र मी रमलो. हलकी लढाऊ यानं पुढे, जड युद्धनौका मध्ये, माल वाहणारी मागे. सगळ्यात हळू यान ज्या वेगाने जाईल त्याच वेगाने सगळा ताफा जाणार, म्हणून कुणाला कुणाबरोबर धाडायचं याचा फार विचार करावा लागे. माझा खोलीतला जोडीदार जळकोटचा, पहिल्या म्हणजे टॉपरांच्या बॅचमधला. त्याने लगेच क्लासची पद्धत सुचवली. "टॉपर जहाजांची एक बॅच कर, सगळा दारूगोळा तिला दे. बाकीच्यांनी निसतं हजर राहायचं." मला ते पटलं नाही. मी थोडी यानं या ग्रहावर, थोडी त्या ग्रहावर, थोडी पार दुसऱ्या टोकाला ठेवली. दोन मोठ्या युद्धनौका एका तळावर कधी ठेवल्या नाहीत. मला वाटायचं, ही माझी स्वतःची युद्धनीती आहे.

बहिणीला ती मुळीच आवडली नव्हती. "भैय्या, सगळं एका जागी आण की. माझ्या ग्रहाजवळ आण. मी एकटी पडून राहिले इथं." नांदेडला जाऊन तिची भाषाही बदलली होती, त्यावरून मी तिला चिडवलं. ती हसली नाही. पुढच्या रविवारी तिने सरळच लिहिलं. "इथं जेवण जात न्हाई. रात्री झोप येत न्हाई. बाबांना सांग, मला लातूरला आणा. न्हाईतर मी अकरावी सोडून घरी जाऊन बसते."

ती बोलेल तसं करणारी मुलगी होती. मला तिची फार काळजी वाटली. पण बाबांना काय सांगणार? त्यांच्या कायद्याविरुद्ध बोलायचं म्हणजे काकांच्या घराचं नाव काढावं लागणार, आणि ते नाव आमच्या घरात कुणी काढत नसे. या आठवड्यात सांगतो, पुढच्या आठवड्यात सांगतो, असं चाललं होतं.

अशात एका रविवारी बाबा आईने दिलेला डबा घेऊन न सांगता लातूरला आले. जोडीदाराने इमानदारीने त्यांना कॅफेचा रस्ता दाखवला. पाठीमागून आवाज आला, "काय चाललंय?"

मी घाबरून खरं ते सांगितलं. "आरमार लावतोय."

बाबा शाळेत इतिहास शिकवायचे. आरमार म्हटल्यावर त्यांना रागावताही येईना. त्यांनी स्टूल ओढलं, डबा मांडीवर घेतला आणि पेपर तपासावा तसा पडदा तपासायला लागले. कोणती जहाजं कुठे आहेत ते एकेक विचारून घेतलं. शेवटी म्हणाले, "सगळी एका जागी ठिवली न्हाईस. हे लई चांगलं केलंस." माझ्या युद्धनीतीची तारीफ करणारा सगळ्या लातूर जिल्ह्यात हा एकच माणूस निघाला.

तेवढ्यात पडद्यावर लाल अक्षरं आली. कुणीतरी बहिणीच्या ग्रहावर चाल करून येत होतं.

"ही कुणाची जागा?"

"छोटीची. ती नांदेडहून खेळते."

"मग बघतो काय? पाठव की तुझी जहाजं."

मी पाठवली. तीन टोकांवरची तीन आरमारं निघाली आणि पडद्यावर त्यांच्या पोचण्याच्या वेळा दिसू लागल्या. शत्रू त्यांच्या कितीतरी आधी पोचणार होता.

"जोरात न्हाई का जात ही?"

"लांब हाय, बाबा," मी म्हणालो. "पोचेपर्यंत संपलेलं असतं."

मी खेळाबद्दलच बोललो होतो. पण बोलून झाल्यावर मला काकांचं घर आठवलं. बाबा डब्याची कडी तेवढी उघडत आणि लावत राहिले. पडद्यावरचं बहिणीचं आरमार नाहीसं झालं आणि निरोपाच्या खिडकीत तिची ओळ आली. "गेलं सगळं. तू कुठं होतास?"

बाबांनी ती ओळ वाचली. मग डबा माझ्या हातात देऊन उठले. "नांदेडची गाडी आता हाय का रे?"

मला बाबांना जे सांगायचं होतं ते सांगायची वेळच आली नाही. दुसऱ्याच दिवशी ते बहिणीला ट्रंकेसकट घेऊन आले. लोकांना सांगायला नवं कारणही तयार होतं, "लातूरचं बायोलॉजी अलीकडं लई सुधारलंय." तेही लोकांना पटलं.

कायदा मात्र मोडला नव्हता. माझ्या घरमालकाकडे माझ्या खोलीला लागूनच एक खोली रिकामी होती. बाबांनी ती नाकारली आणि गल्लीच्या पलीकडे, बरोबर समोरच्या इमारतीत बहिणीसाठी खोली घेतली. दोन्ही दारांत आम्हाला उभं केलं आणि एकमेकांना हाका मारायला लावल्या. दोन्हीकडे ऐकू आल्यावर म्हणाले, "आता ठीक हाय." खेळातही आम्ही मग तसंच केलं, तिचा तळ आणि माझा तळ शेजारी शेजारी घेतले. तरीही हरायचो, पण आता दोघं मिळून हरायचो.

पुढच्या रविवारी आईही आली, अर्थात मागच्या गाडीने. बहिणीच्या खोलीत जेवायला बसलो. कितीतरी वर्षांनी चौघं एका स्लॅबखाली होतो, आणि ते बाबांच्या लक्षात आलेलं दिसत होतं. ताट हातात घेऊन ते आत-बाहेर घुटमळले. मग दारातच बसले, बरोबर उंबऱ्यावर, एक पाय खोलीत आणि एक पाय बाहेर. आम्ही लहानपणी उंबऱ्यावर नुसतं टेकलो तरी आई ओरडायची. त्या दिवशी मात्र ती उठली आणि बाबांना तिथेच भाकरी वाढली.