‘ताई, लॅपटॉप लय स्लो होऊन राह्यला’

दुकानात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक, कोणी परत न्यायला न आलेले कीबोर्ड. आणि दुसरे किस्से. कीबोर्ड आम्ही वर्षातून एकदा भंगारात देतो. किस्से भंगारवालाही घेत नाही, म्हणून मी ते घरी आलेल्या पाहुण्यांना ऐकवते.

मानेवाडा रोडवर आमचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. आम्ही म्हणजे मी आणि सुधाकरभाऊ. मी सॉफ्टवेअर बघते आणि गिऱ्हाइकांशी बोलते. सुधाकरभाऊ स्क्रूड्रायव्हर आणि सोल्डरिंग बघतात, आणि शक्यतो कोणाशीच बोलत नाहीत. लोक मोबाईल दोन-तीन वर्षांत बदलतात, पण लॅपटॉप आठ-दहा वर्षांचा झाला तरी घरातून काढवत नाही. मग एक दिवस तो बॅगेत घालून आणतात, काउंटरवर ठेवतात आणि सगळे तेच एक वाक्य बोलतात, “ताई, लय स्लो होऊन राह्यला.”

पुढचं आम्ही शोधायचं. आणि खोटं कशाला बोलू, त्यात आम्ही पटाईत आहोत.

* * *

शहराबाहेरच्या वाडी भागातल्या एका गोदामाचे मॅनेजर आले होते, ढोबळेजी. लॅपटॉप सकाळी दहा मिनिटं नीट चालायचा, मग तापायचा आणि पंखा घरघरायला लागला की माऊसही हलत नसे. त्यांच्या मते व्हायरस. मी लक्षणं ऐकूनच सांगून टाकलं, पंख्यात धूळ बसली आहे, उघडून साफ केला की पळेल. सुधाकरभाऊंनी मागचं झाकण काढलं आणि नेहमीसारखा ब्लोअर मारला.

पुढची पाच मिनिटं दुकानात कोणीच कोणाला दिसत नव्हतं. सुधाकरभाऊ शिंकताहेत, मी नळाखाली डोळे धरून उभी, शेजारच्या झेरॉक्सवाल्या बाई काय झालं ते बघायला आल्या आणि दारातूनच खोकत परत गेल्या. पंख्यात धूळ नव्हतीच. तिखट होतं!

गोदामात ठेवता काय, असं मी कसंबसं विचारलं. ढोबळेजी एकटेच शांत उभे होते. त्यांना सवय असावी.

“मिरची,” ते म्हणाले. “पण तुम्ही तर विचारलंच नाई.”

लॅपटॉप मात्र पळायला लागला. तेव्हापासून वाडीचा माल आला की आम्ही आधी वास घेतो.

* * *

कामठीचे एक निवृत्त सुभेदार आहेत. त्यांच्या लॅपटॉपवर साधी फाईल उघडेपर्यंतही चहा पिऊन होई. मी बघितलं तर आत तीन-तीन अँटिव्हायरस! एक मुलानं टाकलेला, एक जावयानं, आणि एक स्वतः सुभेदारांनी, कारण पहिल्या दोघांवर त्यांचा भरवसा नव्हता.

मी त्यांना त्यांच्याच भाषेत समजावलं. तुमच्या गेटवर तीन पहारेकरी आहेत आणि ते दिवसभर एकमेकांचीच झडती घेताहेत, मग बाकीच्यांना आत यायला वेळ लागणारच. त्यांना ते पटलं. दोन काढले, एक ठेवला, लॅपटॉप सुसाट. सुभेदारांनी बॅगेची चेन लावली, दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

“अन् त्या एकट्याले झोप लागली तर?”

ते अजून महिन्यातून एकदा येतात, पहारेकरी जागा आहे की नाही ते बघून जायला.

* * *

आमची फजिती झाली नाही असं नाही. म्हणजे माझी झाली.

खापरखेड्याच्या वीज केंद्रात बोरकरसाहेब इंजिनिअर आहेत. त्यांचा लॅपटॉप घरी गोगलगायीसारखा आणि आमच्या टेबलावर हरणासारखा. पहिल्यांदा मी सगळं तपासून परत दिला. आठवड्यानं पुन्हा आले, तेव्हा विंडोज नव्यानं टाकून दिलं. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी जरा चढ्या आवाजात ऐकवलं, की साहेब, मशीन ठणठणीत आहे, वापरण्यात काहीतरी चुकत असेल. बोरकरसाहेब बिचारे ओशाळले. मुलीची ऑनलाइन परीक्षा दोन दिवसांवर आली होती आणि घरात सगळे त्यांनाच बोलत होते.

सुधाकरभाऊंनी मान वर केली. “साहेब, चार्जर कुठं हाय?”

चार्जर घरी होता. तिन्ही वेळा तो घरीच होता आणि आम्ही आमचा लावून तपासत होतो! बोरकरसाहेब स्कूटरवर परत गेले आणि घेऊन आले. जुना जळाल्यावर त्यांनी कुठल्याशा दुसऱ्याच लहान लॅपटॉपचा चार्जर जोडला होता. पुरेशी वीज मिळत नाही म्हटल्यावर मशीन स्वतःहून वेग कमी करत होतं. ही तपासणी कोणीही पहिल्या दिवशी करावी अशी, आणि मी केली नव्हती. मी माफी मागितली.

त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते हातातल्या चार्जरकडे बघत होते. “अख्ख्या इलाख्याले आम्ही वीज देऊन राह्यलो,” ते म्हणाले, “अन् माह्या टेबलावर पोचली नाई.”

मुलीची परीक्षा नीट पार पडली. पेढे आले, ते सुधाकरभाऊंच्या नावानं आले.

* * *

एका वकीलसाहेबांचा किस्सा अगदी छोटा आहे. ब्राउझरमध्ये इतके टॅब उघडे होते की नुसत्या बारीक बारीक रेघा दिसत होत्या. मी विचारलं, बंद करू का? म्हणाले, नको, सगळे पेंडिंग आहेत. निदान दोन वर्षांपूर्वीचे तरी?

“तेच तर मेन आहेत.”

* * *

आता मेश्राम सिस्टर. कुही तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात त्यांनी अख्खी नोकरी बाळंतपणं करण्यात घालवली. आता सत्तरीच्या पुढे आहेत. कुही-उमरेडकडची बरीच माणसं आमच्या भागात राहतात, तशा त्याही मुलीकडे राहायला आल्या. लॅपटॉप सुरू व्हायला अर्धा तास घेतो, एवढीच तक्रार. मी कान लावला तर आतून कट-कट आवाज. हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत होती.

आत काय आहे, विचारलं. म्हणाल्या, एकच फाईल. आयुष्यात केलेल्या प्रत्येक बाळंतपणाची नोंद. आईचं नाव, गाव, तारीख, बाळाचं वजन, आणि रडायला किती वेळ लागला. निवृत्त झाल्यावर एका बोटानं टाइप करत जुन्या डायऱ्यांवरून सगळं उतरवलं होतं. डायऱ्या नंतर वाळवीनं खाल्ल्या. दुसरी कॉपी? नव्हती.

असल्या वेळी मी गिऱ्हाइकाला खोटा धीर देत नाही. सांगितलं, वाचेलच असं नाही. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, “मीही असंच सांगत होती. मग कामाले लागत होती.”

सुधाकरभाऊंनी डिस्क बाहेर काढली, आमच्या मशीनला जोडली आणि तिची थोडी थोडी करून नक्कल काढायला सुरुवात केली. ती तापली की थांबायचं, टेबलफॅनसमोर थंड होऊ द्यायची, पुन्हा जोडायची. मी सिस्टरना घरी जायला सांगितलं, फोन करते म्हटलं. त्या स्टूल ओढून डिस्कच्या जवळ बसल्या. मध्ये मध्ये तिच्यावर दोन बोटं टेकवायच्या आणि मनगटावरच्या घड्याळात बघायच्या. दुपारी दोनला ती पूर्ण गप्प झाली. सुधाकरभाऊंनी प्लग काढला, पुसला, पुन्हा लावला. मग पुन्हा कट-कट सुरू झालं.

“हाय अजून,” सिस्टर म्हणाल्या.

चारच्या सुमारास फाईल हाती आली. मी ती आमच्या कॉम्प्युटरवर उघडली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळी शाबूत. सिस्टरनी चष्मा काढून डोळे टिपले आणि परत घातला. मी लगेच दोन पेनड्राइव्हवर कॉपी करायला घेतली, तर सुधाकरभाऊ माझ्या खुर्चीमागे येऊन उभे. हळूच म्हणाले, ताई, जरा एक नाव शोधाल का? त्यांनी त्यांच्या आईचं नाव सांगितलं. मग गावाचं, कुही तालुक्यातलंच. सात वर्षं शेजारी बसते आहे, पण त्यांचं गाव मला त्या दिवशी कळलं.

मी टाइप केलं. एक ओळ पिवळी झाली. मुलगा. दोन किलो. रडायला चार मिनिटं.

सिस्टरनी ओळ वाचली. मग चष्म्यावरून सुधाकरभाऊंना, त्यांच्या पिकायला लागलेल्या मिशांसकट, वरपासून खालपर्यंत नीट बघितलं.

“तुले बी चालू व्हाले लय टाइम लागला होता, बाबू.”