पाठीमागची कडी

सोनबा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कात्रजच्या तळ्यावर होतो. नळाच्या तोंडाशी अडकलेला पालापाचोळा काढणं चाललं होतं. शहरातून आलेला गडी बांधावरून खाली उतरला, पागोटं काढून हातात घेतलं आणि म्हणाला, ‘‘सोनबाकाका गेले. पहाटे.’’ माणूस गेल्याचं कळल्यावर आधी वाईट वाटतं आणि मग बाकीचं सुचतं, असं मी समजत होतो. माझं उलटं झालं. आधी भीती वाटली. चैत्रात माझा धाकटा भाऊ धोंडू नळात उतरणार, आणि वर त्याचा पट्टा धरायला सोनबा नसणार... रडू नंतर आलं, बांधावर एकटा बसल्यावर.

आता त्याला महिन्यावर दिवस लोटले. पेठेतली मंडळी म्हणाली, तू त्याचा जवळचा, चार शब्द लिहून ठेव. लिहितो आहे, पण सोपं नाही. सोनबाबद्दल लिहायचं म्हणजे भीतीबद्दल लिहायचं, आणि सध्या ती माझ्याच घरात मुक्कामाला आहे.

आपण शहरात हौदावर घागर बुडवतो, तेव्हा ते पाणी कुठून आणि कसं आलं याचा विचार कोण करतो? कात्रजच्या तळ्यातून ते जमिनीखालून येतं, चिरेबंदी नळातून. नळ एवढा की माणूस वाकून चालू शकेल. वाटेत जागोजागी उच्छ्वास बांधले आहेत, म्हणजे वरून नळापर्यंत उभी भोकं, अरुंद विहिरीसारखी. उन्हाळ्याच्या तोंडाला तळ्याकडचं दार बंद करायचं, उच्छ्वासातून एक माणूस खाली सोडायचा आणि त्यानं साचलेला गाळ टोपल्या भरभरून वर पाठवायचा. हे काम आमच्या घराकडे आजोबांपासून आहे. पुष्कळ वर्षं मी उतरलो. पुढे दम्यानं धरलं आणि धोंडू उतरू लागला. खाली अंधार किती असतो ते सांगता येत नाही. पलिता विझला की डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे बोट लावून पाहावं लागतं.

पूर्वी आम्ही काथ्याचा दोर काखेखालून बांधून उतरायचो. दोर काखा सोलायचा, ओला झाला की गाठ सुटता सुटत नसे, आणि एके वर्षी नको तेव्हा सुटली. तेव्हा खाली होता तो माझा चुलता. त्यानंतर मी दोराला हात लावेना. म्हणून मी रविवार पेठेत सोनबाच्या दुकानी गेलो.

सोनबा जीनगर. घोड्यांच्या पोटाखालून आवळायचे तंग, खोगिराचे पट्टे, राहुट्या ताणायच्या नवारी, हत्तीचा हौदा आवळायचे रुंद पट्टे, उंटावर पेट्या बांधायच्या वाद्या, सगळं त्याच्या हातचं पागांतून जायचं. सुती नवार तो दुहेरी विणून घ्यायचा आणि ताणून, भिजवून, पुन्हा ताणून मगच तिला हात लावायचा. कारण एकच, भीती. भित्रेपणात त्याचा हात धरणारा माणूस अख्ख्या पेठेत नव्हता. कुत्रं दिसलं की तो गल्ली बदलायचा. हत्तीचा हौदा आवळून झाला की हत्तीकडे पाठ न करता मागे मागे चालत अंगणाबाहेर यायचा, जसा काही दरबारातून येतो आहे. रस्त्यानं जाणाऱ्या स्वारांनाही त्याचा जाच. एकदा एका बड्या सरदाराचा घोडा त्यानं लगामाला धरून थांबवला होता, मी शेजारीच होतो.

‘‘तंग ढिला आहे आपला,’’ सोनबा म्हणाला.

‘‘मी पडलो तर तुझ्या बापाचं काय जातं?’’

‘‘काही नाही जात. घोडा घाबरेल, बिचारा.’’

सरदारानं चाबूक उगारला. सोनबा लटलट कापत होता, पण लगाम सोडीना. शेवटी सरदारच उतरला आणि त्यानं तंग आवळून घेतला. घरी परत येताना सोनबाला इतका घाम फुटला होता की आम्ही ओढ्याकाठी बराच वेळ बसलो.

दोराऐवजी पट्टा हवा ही माझी मागणी ऐकल्यावर तो म्हणाला, ‘‘माणसाला तंग? बरं. माणूस काही घोड्यापेक्षा शहाणा नसतो.’’ मग मला उभं करून त्यानं छातीवरून, दोन्ही खांद्यांवरून आणि मांड्यांखालून नवार फिरवली. गाठ एकही नाही. कुठल्याशा मोडलेल्या पलटणीचे पट्टे जुन्या सामानाच्या बाजारात आले होते, त्यांच्या जिभेच्या पितळी कड्या त्यानं आणल्या होत्या. फिरंगी त्यांना बक्कल म्हणतात. पट्ट्याला भोकं, भोकात जीभ, ओढावं तितकं घट्ट. पाठीशी लोखंडी कडं आणि त्यातून वर जाणारा लांब पट्टा. तो पट्टा चढवून मला आढ्याला टांगून ठेवलं आणि खाली बसून त्यानं पानाचा डबा उघडला. मी ओरडलो तर म्हणे, ‘‘लोंबकळ अजून. नवारीला सवय होऊ दे.’’

पट्टा झाला, पण द्यायला तयार नाही. म्हणाला, वरचं टोक मीच धरणार. मी थक्क झालो. अरे, तुला दुकानाची शिडी चढवत नाही आणि तू उच्छ्वासाच्या काठावर उभा राहणार? तो म्हणाला, ‘‘पट्टा तुझ्याकडे देऊन घरी बसलो तर दिवसभर माझा जीव टांगलेला राहील. त्यापेक्षा तिथं येऊन घाबरतो.’’

आला, आणि दर वर्षी येत राहिला. वरचं टोक खुंटाला किंवा झाडाला बांधायला त्याची तयारी नसे. खुंट उपटतो, झाड कुजलेलं निघतं. टोक तो स्वतःच्या कमरेच्या रुंद तंगात अडकवायचा, काठाच्या दगडांना पायांचे दोन्ही तळवे टेकून बसायचा आणि मला हळूहळू खाली सोडायचा. त्या कमरेच्या तंगाची कडी मात्र पाठीवर. तंगाची दोन्ही टोकं पाठीवरून वर नेलेली आणि कडी स्वतःचा हात पोचणार नाही अशी, बरोबर खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मध्ये. ती बांधायला आणि सोडायला दरवेळी दुसरा माणूस लागायचा. मी विचारलं तर म्हणाला, ‘‘पोटावर रुतते.’’ पोट त्याचं होतंच, म्हणून मला पटलं.

बिबवेवाडीच्या रानातल्या उच्छ्वासावर तो दिवस आला. मी नळात वाकून गाळ उपसत होतो. माझ्या मागच्या अंगाला गाळाचा बांध साचला होता आणि त्याच्यापलीकडे पाणी तुंबलेलं होतं, याची आम्हाला कुणालाच कल्पना नव्हती. आधी थंड वारा आला. नळात वारा येत नाही. मी पट्ट्याला तीन हिसके दिले, म्हणजे वर ओढा, आणि तेवढ्यात बांध फुटला. पायच गेले माझे. मी नळात आडवा, पाणी डोक्यावरून, आणि छातीवरची नवार अशी आवळली की श्वास आत जाईना. उच्छ्वासाच्या तोंडाशी तोंड वर आलं की एक घोट हवा, की पुन्हा पाणी. आणि त्या घोटाघोटांत मला वरून सोनबाचं ओरडणं ऐकू येत होतं.

‘‘सोडवा मला! अरे, मागची कडी सोडा! जातोय मी आत, सोडा रे!’’

मी ते स्पष्ट ऐकलं. पाण्यात बुडताना ऐकलं. आयुष्यात मी पुष्कळदा भ्यालो, पण तसा कधीच नाही, पाण्याला भ्यालो नाही तसा त्या आवाजाला भ्यालो. मला कळत होतं की वर एक माणूस मला टाकून द्यायला धडपडतो आहे, आणि त्याच्या तंगाच्या त्या चार बोटांच्या कडीवर माझा जीव आहे.

कडी सुटली नाही. नंतर गड्यांनी सांगितलं, तो काठावरून निम्मा आत ओढला गेला होता. दोघांनी त्याचे पाय धरले होते. त्याचे हात सारखे पाठीमागे जात होते आणि पोचत नव्हते. एक गडी सोडायला गेलाही, पण ताण पडलेल्या पट्ट्याची जीभ निघत नाही. ती काढायची तर आधी पट्टा आणखी ओढावा लागतो. पाणी ओसरलं, मला वर घेतलं. सोनबाच्या कमरेची कातडी सोलवटून निघाली होती. आम्ही दोघं गवतावर पडून होतो.

चार दिवसांनी तो माझ्या घरी आला. उंबऱ्यातच उभा. ‘‘ऐकू आलं का रे तुला, गणू?’’

‘‘आलं.’’

‘‘सगळं?’’

‘‘सगळं.’’

तो खाली बघत म्हणाला, ‘‘मी भित्रा आहे हे मला फार आधीपासून ठाऊक आहे. वेळ आली की मी सोडणार, हेही ठाऊक होतं. म्हणून कडी मागे घेतली. पोटाबिटाचं काही नव्हतं... पुढे असती तर तू आज नसतास. आता दुसरा माणूस बघ.’’

मी त्याला आत बोलावलं, पाट मांडला. म्हटलं, आता दुसऱ्या कुणाच्या हाती पट्टा देऊन मी उतरणार नाही. शूर माणसाचा मला भरवसा कसा वाटावा? स्वतःला एवढा ओळखून बांधून घेणारा माणूस मला दुसरा भेटलेला नाही, आणि मी त्याच्यावर फार प्रेम केलं. हे त्याला कधी बोलून दाखवलं नाही, ते इथे लिहितो.

शेवटच्या तापात तो मला ओळखेनासा झाला होता. त्याची बायको भागूवहिनी कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत होती. तो मधूनच डोळे उघडायचा आणि तिला विचारायचा, ‘‘गणू खाली आहे की वर?’’

‘‘वर आहेत. हे काय, इथंच बसलेत तुमच्यापाशी.’’

मग थोडा वेळ डोळे मिटायचा. पुन्हा तेच. मी त्याचा हात धरून सांगायचो, अरे वर आलोय मी, कधीचा. त्याला पटल्यासारखं वाटायचं नाही.

तो गेल्यावर पट्टा धरायला माणसं पुढे आली नाहीत असं नाही. तालमीतला एक पोरगा मांडी थोपटून म्हणाला, ‘‘दादा, धोंडूभाऊंना एका हातानं धरतो. भीती काय असते ते आपल्याला ठाऊक नाही.’’ त्याला मी चहूबाजूंनी बघितलं आणि नको म्हटलं. माझी झोप उडाली होती. धोंडूची पोरं अंगणात खेळताना दिसली की मला उच्छ्वासाचं तोंड दिसायचं. अखेर भागूवहिनींकडे जाऊन मीच पट्टा आणि सोनबाचा कमरेचा तंग मागून आणला. त्यांनी ते तेल लावून, गुंडाळून ठेवले होते. ‘‘भाऊजी, तुम्ही धरणार?’’ एवढंच विचारलं, आणि माझ्या कमरेकडे पाहिलं. मी सोनबाच्या निम्मा. तंगावर त्याच्या नेहमीच्या भोकाशी नवार काळी पडून दुमडली होती. मला त्याच्या बरंच अलीकडे नवीन भोक पाडावं लागलं, आणि आरी हातात घेऊन मी कितीतरी वेळ नुसताच बसलो.

परवा उतरवला धोंडूला. तोच बिबवेवाडीचा उच्छ्वास. गावातल्या एका गड्याला म्हटलं, बांध.

‘‘मागं बांधायचं हाय व्हय? पुढं सोपं पडंल की.’’

‘‘मागेच. आणि आवळून.’’

मी काठाला पाय लावून बसलो. धोंडू हसत आत गेला, आधी डोकं दिसेनासं झालं, मग त्याच्या हातातला पलिता. पट्टा माझ्या तळहातांवरून सरकत राहिला आणि मग थांबला. तो खाली पोचला होता. नळ कोरडा होता, दार बंद होतं, मी स्वतः सकाळी जाऊन पाहिलं होतं. पक्षी ओरडत होते. पट्ट्याला एक हिसका आला. एक हिसका म्हणजे ठीक आहे, आम्ही आदल्या दिवशीच ठरवलं होतं.

‘‘दादा, काय शोधताय?’’ शेजारचा गडी म्हणाला.

मला आधी समजेना तो काय विचारतो आहे. मग पाहिलं तर पट्टा मांडीवर पडला होता आणि माझे दोन्ही हात पाठीमागे होते. बोटं तंगावरून वर सरकत होती, कडीच्या दिशेनं. पोचत नव्हती.

खालून धोंडूचा आवाज आला, ‘‘दादा, टोपली सोड.’’ मी हात पुढे घेतले आणि पट्टा धरला.