शेपटी नसलेलं नाव

वाय-फायच्या पिढ्यांना ज्यांनी नावं दिली, त्यांच्या घरी धड एक बारसं झालेलं नसावं. आधी आठशे दोन पूर्णांक अकरा, त्याच्या मागे बी, जी, एन अशी अक्षरं. मग एसी, एएक्स. मग लोक वैतागले म्हणून सरळ सहा. ते समजतंय तोवर सहाच्या पुढे पुन्हा ई. दुकानातला माणूसही खोक्यावरचं वाचूनच सांगतो. आकडा मोठा म्हणजे माल भारी, एवढंच गिऱ्हाइकाला कळतं.

माझ्या धाकट्या भावालाही तेवढंच कळलं. मुंबईत दिंडोशीच्या आमच्या घरी त्याने खास शिमग्यासाठी नवा राउटर आणला. बाबा पाय मोडून आतल्या खोलीत पडून होते आणि तिथे मोबाईलला रेंज नाही. कोकणात गावच्या घरी आमच्या अंगणात ग्रामदेवाची पालखी येते, तेव्हा घरच्या कर्त्या माणसाने देवाला गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचं असतं. आजोबा गेल्यापासून बाबांनी ते एकदाही चुकवलं नव्हतं. औंदा ते फोनवरून घालणार होते. सकाळी दाढी करून, टोपी घालून ते पलंगावर बसून होते.

दुपारी चुलतभावाचा व्हिडिओ कॉल आला. "काका, पालखी इली. बोला."

बाबांनी हात जोडले आणि चित्र थिजलं. ढोलाचे तुकडे तेवढे ऐकू येत होते. भावाने दोनदा कॉल लावला, दोनदा तेच झालं. तिसऱ्यांदा चुलतभाऊ कसाबसा ऐकू आला, "पालखी पुढे जावची हा. गुरवाक गाऱ्हाणा घालूक सांगू?"

बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ते मला बघवेना.

"फोन दे इकडे," मी भावाला म्हटलं.

"ताई, फाइव्ह-जीवालंच लावलंय. दोनातलं भारी तेच आहे."

"भारी असू दे. भिंत ओलांडतं का? राउटर बाहेर दाराशी, बाबा दोन भिंतींच्या आत."

एकाच राउटरची दोन नावं फोनवर दिसत होती. एकाला फाइव्ह-जीची शेपटी, दुसरं साधं. तो पाच म्हणजे मोबाईलवाला फाइव्ह-जी नव्हे. तो पळतो जोरात, पण भिंत आली की मान टाकतो. साधं नाव हळू चालतं, पण आतपर्यंत पोचतं. हे खोक्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. ऑफिसात रोज हेच निस्तरत असल्यामुळे मला शंका नव्हती. मी साधं नाव निवडलं आणि कॉल लावला.

चित्र जरा धुरकट होतं, पण ढोल सलग वाजत होता. बाबांनी टोपी पुन्हा घातली.

"बा देवा म्हाराजा, तुझी लेकरा तुझी वाट बघतत. औंदा माझो पाय मोडलो, म्हणान मी दारात नाय. पुढच्या वर्सा माका तुझ्यासमोर माझ्या पायार उभो कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," अख्खं अंगण म्हणालं. एक अक्षर तुटलं नाही.

भाऊही तेच म्हणाला. मीही म्हणाले, आणि मग मला रडू आवरेना.