नोकरी सांभाळून गोलकीपर

अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावात आइस रिंक नवीन झालं होतं आणि आमच्या शेजारच्या अमेरिकन आजोबांना तिथे मुलांसाठी बर्फावरच्या हॉकीचा वर्ग काढायचा होता. पन्नासच्या दशकात ते उत्तरेकडच्या एका मिलच्या गावात हौशी संघाचे गोलकीपर होते. तेव्हा गोलकीपर मुखवटा घालत नसत, त्यामुळे त्यांची अख्खी कारकीर्द चेहऱ्यावर टाक्यांनी लिहिलेली होती. रिंकवाल्यांनी बजावलं होतं, पुरेशी मुलं आली नाहीत तर वर्ग कॅन्सल. बायको गेल्यापासून त्यांना सकाळी उठायला तेवढंच एक कारण उरलं होतं.

मी म्हटलं, मुलं ना? मी आहे ना. हे वाक्य मी उच्चारलं की आमच्या घरात शहाणी माणसं आवराआवर सुरू करतात.

मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी त्यांना प्रमुख पाहुणे केलं. शाल, नारळ आणि परिचय. परिचयात पाहुण्याला आहे तेवढाच ठेवणं हा आपल्याकडे त्याचा अपमान. तालुक्याच्या कवीला आपण महाकवी करतो, मी आजोबांना ऑलिंपिकचं पदक देऊन टाकलं. तेही सुवर्ण. मराठीत बोलत होतो, त्यांना काय कळणार?

पण त्यांच्या शेजारी दुभाषी म्हणून मीच माझ्या मुलीला बसवलं होतं. एरवी मराठीत हाक मारली की "व्हॉट?" म्हणणारी ही कन्या त्या दिवशी शब्दाला शब्द सांगत होती. शनिवारच्या मराठी शाळेत तिला सक्तीने धाडल्याचं पुण्य असं फळाला आलं.

आजोबा शाल सावरत उठले आणि इंग्रजीत शांतपणे म्हणाले, "पदकबिदक काही नाही. राष्ट्रीय संघाच्या निवडीला बोलावलं होतं. मिलने रजा दिली नाही, मी गेलो नाही. दिवसा मिल, संध्याकाळी कॉलेज, रविवारी मॅच. तसाच इंजिनिअर झालो."

वर्ग बुडाला, बुडवला मीच, हे उघड होतं. मी नारळाच्या आड लपता येईल का ते पाहत होतो.

मागून एक काकू उठल्या. "म्हणजे नोकरी सांभाळून खेळले?"

मुलीने विचारून सांगितलं, हो.

"आणि कधी नापास?"

"नाही म्हणतात."

काकूंनी तिथल्या तिथे दोन्ही मुलांची नावं दिली. मागोमाग रांगच लागली. खेळाला आयुष्य वाहिलेल्या माणसाच्या हाती आपण पोरं देत नाही. पण निवड सोडून शिफ्टला जाणारा खेळाडू? असा गुरू शोधून सापडत नाही. माझ्या सुवर्णपदकाची कुणी चौकशीसुद्धा केली नाही.

वर्ग भरला. माझ्या मुलीनेही नाव घातलं, एका अटीवर. "बाबा, यू कॅन ड्राइव्ह मी. पण आत येऊन माझ्याबद्दल कोणाला काही सांगायचं नाही."

तो सगळा सीझन मी पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून काढला. मॅच संपली की आजोबा बाहेर येऊन काचेवर टकटक करत आणि मला स्कोअर सांगत. झाला असेल तेवढाच.